घरचेच शब्द : लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव आपल्यापैकी बहुतेकींच्या कानावरून गेलेले असते. कोणी त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी म्हणून ओळखते, तर कोणाला शाळेतला एखादा धडा आठवतो. त्यापलीकडे फारशी ओळख नसते. यंदाच्या स्मरणिकेसाठी कोणी काय लिहायचे याची वाटणी झाली तेव्हा बहुतेक जणींनी पाककृती घेतल्या. मी मात्र लक्ष्मीबाईंचे चरित्र मागून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा हे धाडसच. पण ज्या बाईविषयी लिहायचे तिला तर सातवीही मिळाली नव्हती. शाळाच नव्हती मुळी.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोदावरीकाठी जन्मल्या. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. घरात सारे मनू म्हणत. हे घर साधे नव्हते. १८५७ च्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्याचा मनूच्या वडिलांनी असा काही धसका घेतला की, त्यांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात यायची नाही. भाजी धुणे आपण समजू शकतो. पण या घरात मीठसुद्धा धुतले जाई! धुतल्यावर मीठ किती उरत असेल आणि मोरीत किती जात असेल, हे कोणत्याही स्वयंपाक करणारीने मनाशी पाहावे. घरातल्या बायकामुलांचे हाल कुत्रा खात नव्हता. मनूचे बरेचसे बालपण पुढे नाशिकला आत्याच्या घरी गेले, हे तिच्या दृष्टीने बरेच झाले म्हणायचे.

हे सारे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात अगदी सुरुवातीलाच सांगितले आहे. ते मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आवरेना. दोन पाने उलटल्यावर ध्यानात आले की, यात हसण्यासारखे काही नाही. एका माणसाच्या वेडापायी अख्खे घर उपाशी राहण्याची ही गोष्ट आहे. पण बाईंनी कुठेही गळा काढलेला नाही. त्यांनी मीठ सांगितले, पाणी सांगितले आणि गप्प बसल्या. पुढचे आपले आपल्याला कळते. लिहिण्याची विद्या म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी तेवढी पाने दाखवीन.

१८८० साली मनूचे लग्न झाले. ती अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. मनूची लक्ष्मी झाली. नारायणराव टिळक बुद्धिमान, संस्कृतात तरबेज, शीघ्रकवी; पण एका जागी ठरणे त्यांच्या कुंडलीतच नव्हते. नोकरी धरायची आणि सोडायची. कधी मनात आले की उठून चालू लागायचे, मागे बायको आहे याची शुद्ध नसायची. राग आला तर तोही असाच, आणि उतरला की माणूस लहान मुलासारखा. हातातले पैसे वाटेत भेटलेल्या गरजवंताला द्यावेत आणि रिकाम्या हातांनी घरी यावे. मुरबाड, वणी, नागपूर, राजनांदगाव, अशी किती बिऱ्हाडे लक्ष्मीबाईंनी मांडली आणि मोडली. पहिली मुले लहानपणीच गेली. मग दत्तू झाला, तो जगला.

या नवऱ्याने एक गोष्ट मात्र केली. त्याने बायकोला लिहावाचायला शिकवले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. नवऱ्याचे संस्कृत आणि त्याच्या कविता एका बाजूला, बायकोची नुकती जुळू लागलेली अक्षरे दुसऱ्या बाजूला. पुढे काय होणार आहे, कोणाची कोणती पाने लोक अधिक वाचणार आहेत, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. टिळकांच्या कविता थोरच आहेत, त्याबद्दल मी वेडेवाकडे बोलणार नाही. पण आज शंभरांतल्या किती घरांत टिळकांची कविता वाचली जाते आणि किती घरांत ‘स्मृतिचित्रे’, हे ज्याने त्याने पाहावे.

१८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी नवा करार वाचायला दिला. टिळक वाचत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायकोला आधी काही सांगितले नाही. लक्ष्मीबाईंच्या अंगावर ही बातमी वीज पडावी तशी पडली.

येथे मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे बाटणे. आमच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका हा शब्द उठता-बसता वापरीत. पाणी बाटले, लोणचे बाटले, सोवळे बाटले. एखादा माणूस दुसऱ्या धर्मात गेला की तोही बाटला. पाण्याला, लोणच्याला आणि माणसाला एकच क्रियापद! असा शब्द जिभेवर असला की विचार करावा लागत नाही, शब्दच आपल्यासाठी विचार करून ठेवतो. लक्ष्मीबाईंच्या भोवतालच्या साऱ्या लोकांच्या तोंडी हाच शब्द होता, आणि तो त्यांच्या नवऱ्याला लागला होता. कपाळी कुंकू आहे, नवरा जिवंत आहे आणि तरी आपण ना सवाष्ण ना विधवा, अशा स्थितीत त्या चार-पाच वर्षे राहिल्या. बराच काळ पंढरपूरला बहिणीच्या घरी. पोरगा पदरात. शरीराने खंगल्या, मनाने तर विचारूच नका. या ताटातुटीचे दुःख पुढे त्यांच्या कवितेत उतरले आहे.

मग त्या नवऱ्याकडे गेल्या. नगरला गेल्या त्या आपला धर्म घेऊन गेल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असा संसार. वडिलांचे सोवळे पाहून जी मुलगी पोळली होती तीच आता नवऱ्याच्या घरी स्वतःचे सोवळे सांभाळीत होती. हे वाचून कोणी नाक मुरडू नये. माणूस आपल्या हातचे शेवटचे धरून ठेवते तेच हे. दुसरे तिच्याजवळ होते काय?

हे सोवळे कसे सुटले तो भाग मी चार-पाच वेळा वाचला आहे. कोणी जबरदस्ती केली नाही. टिळकांनीही नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला शोभणारे होते. बाईंनी मनाशीच हिशेब मांडला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर बैल आणि घोडा जसे दिसायलाच वेगळे, तशी माणसे वेगळी दिसायला हवी होती. मग एवढा खटाटोप कशाचा? तो हिशेब सुटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले, आणि ठरवले ते पाळले. १९०० साली दत्तूसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराचे बरे-वाईट काय, हा आपल्या मंडळाचा विषय नव्हे आणि माझाही नव्हे. मला सांगायचे आहे ते एवढेच की, सोवळे हा एकच शब्द या बाईच्या आयुष्यात तीन अर्थांनी आला. आधी ते बापाचे वेड होते. मग ते तिच्या एकटेपणातला आधार झाले. शेवटी ते नुसते एक वस्त्र उरले, अंगावरून उतरवून ठेवण्यासारखे. कोशात पाहिले तर या शब्दाचा अर्थ दोन ओळींत मिळेल. लक्ष्मीबाईंनी तो अर्थ तीस वर्षे जगून पाहिला, आणि म्हणून त्यांनी तो शब्द कुठेही लिहिला तरी त्याला वजन येते.

पुढचे दिवस नगर-राहुरीकडचे. दुष्काळ आणि प्लेग पाठोपाठ आले. टिळकांनी अनाथ पोरे घरात आणून ठेवावीत आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्या पोटाची सोय लावावी. प्लेगच्या छावणीत जाऊन त्यांनी रोग्यांची सेवा केली. ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरची ही मुलगी, हे विसरू नये. त्या कीर्तनेही करू लागल्या. बालकवी ठोंबरे काही काळ यांच्याच घरी होते. त्या मुलावर लक्ष्मीबाईंनी आईसारखी माया केली. १९१८ साली भादलीजवळ आगगाडीखाली बालकवी गेले. बालकवींच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या, पण हा मुलगा घरात कसा वागे, कसा रुसे, हे लक्ष्मीबाईंमुळेच आपल्याला कळते.

याच काळात त्यांची ‘करंज्यातला मोदक’ ही कविता ‘मनोरंजन’ मासिकात आली. नाव पाहा. संस्कृत शब्द धुंडाळायला बाई गेल्या नाहीत. आपल्या पोळपाटाशी जे होते ते उचलले.

आता मी थोडे विषयांतर करते. आपण बायका म्हणतो की, आम्हाला शब्द येत नाहीत. हे मला पटत नाही. दूध लागले, भाजी करपली, पोळी जळली, ही तीन निराळी नुकसाने आहेत आणि तिन्हीला निराळे शब्द आहेत. लागलेले दूध खालचे न ढवळता दुसऱ्या भांड्यात काढले तर चालून जाते. करपलेल्या भाजीचा वास शेजारी जातो. जळलेली पोळी फेकावीच लागते. शिवाय खरपूस म्हणजे यांपैकी काहीच नव्हे, ते तर हवेसे असते. आधण येणे, तांदूळ वैरणे, भात निवणे. चिमूट, मूठ, ओंजळ, पसा. मापे आणि शब्द दोन्ही आपल्या हातात आहेत. जी बाई या शब्दांत चूक करीत नाही, ती लिहायला बसली की मात्र भव्य, दिव्य आणि मंगलमय असे शब्द शोधू लागते. गेल्या काही वर्षांच्या आपल्याच स्मरणिका काढून पाहा. मंगलमय हा शब्द किती वेळा आला आहे ते मी मोजले होते, पण सांगत नाही.

लक्ष्मीबाईंनी ते केले नाही. आणि त्यांच्या घरात थोर थोर शब्दांची काही वाण नव्हती. नवरा संस्कृतज्ञ कवी, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचा संपादक. घरात कवी, शास्त्री यांची ये-जा. दुसरी कोणी असती तर नवऱ्याच्या भाषेत लिहू लागली असती. यांनी आपलीच भाषा धरली.

१९१७ साली टिळक साताऱ्याला गेले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे मोठे काव्य आरंभले होते, ते अर्धवट राहिले. सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच काय ते झाले होते. लक्ष्मीबाईंनी पुढे त्यात चौसष्ट अध्याय लिहिले. चौसष्ट! नवऱ्यानेच अक्षरओळख करून दिलेल्या बाईने नवऱ्याचे काव्य त्याच्या कितीतरी पट लिहून पुढे नेले. वैधव्य, मुलांची काळजी, पैशांची ओढ, मुंबईत वसतिगृहावरची नोकरी, मग काही काळ कराची, या साऱ्यातून हे लिहिणे चालले होते.

आणि ‘स्मृतिचित्रे’? तो ग्रंथ लिहायचा असे ठरवून झालेला नाही. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. आई लिहू लागली. लिहिता लिहिता ते वडिलांचे चरित्र राहिले नाही, आईचे झाले. आठवणी ‘संजीवनी’ साप्ताहिकातून येत गेल्या आणि मग १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत पुस्तकरूपाने आल्या. पहिला भाग निघाला तेव्हा बाईंचे वय सहासष्टच्या घरात होते. वय झाले आता काय लिहायचे, असे म्हणणाऱ्या आमच्या काही थोरल्या जावा-नणंदांसाठी हा आकडा मुद्दाम दिला.

या पुस्तकातली जी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते ती शेवटी सांगते. घरातले लिहायचे म्हणजे नवऱ्याचे लिहावे लागते. आपण बायका घराविषयी बोलतो ते दोनच सुरांत. एक कौतुक, ते चार लोकांत. दुसरे गाऱ्हाणे, ते मैत्रिणीच्या कानात. कौतुकात अर्धे खोटे असते आणि गाऱ्हाण्यात अर्धे राहून जाते. लक्ष्मीबाईंनी दोन्ही सूर सोडून दिले आणि हकीकत सांगितली. टिळक रागावले की काय करीत, न सांगता कसे निघून जात, घरात दाणा नसताना पाहुणे कसे आणीत, हे सारे त्यांनी नाव घेऊन, छापून, आणि ज्यांनी टिळकांना संत मानले होते अशा वाचकांसमोर मांडले. टिळकांचे प्रेम, त्यांची भोळी श्रद्धा, कोणाचेही दुःख पाहून विरघळणारे मनही तितकेच मांडले. वाचून संपल्यावर टिळकांचा राग येत नाही. उलट हा माणूस आपल्या ओळखीचा झाला असे वाटते. आणि त्याच्याबरोबर राहणे किती कठीण होते, हेही कळलेले असते. दोन्ही एकदम.

हे त्यांना कसे साधले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्या स्वतःवर आधी हसतात. स्वतःची भीती, स्वतःचा हट्ट, पेच पडल्यावर झालेली फजिती, हे सगळे त्या आधी सांगून टाकतात. जी स्वतःला सूट देत नाही तिने दुसऱ्याचे सांगितले तर ते चुगली वाटत नाही. दुसरे असे की, त्या मनातले वर्णन करीत नाहीत, घडलेले सांगतात. मला अतोनात दुःख झाले, असे लिहिणे सोपे आहे. त्या दिवशी चूल पेटली की नाही, पोराने काय खाल्ले, दाराशी कोण उभे होते, हे लिहायला आठवण लागते आणि धीर लागतो. आमच्या आळीतल्या एका जुन्या जाणत्या बाईंना मी पुस्तकातली काही पाने वाचून दाखवली. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. त्या मध्येच म्हणाल्या की, ही बाई लिहीत नाही, ओट्यावर बसून बोलते आहे. मला हे ऐकून फार बरे वाटले. पण मी स्वतः ओट्यावर बसून बोलते तसे लिहायचा प्रयत्न केला तेव्हा कळले की, बोलण्यासारखे लिहिण्यासाठी किती खोडावे लागते. हा लेख मी चार वेळा लिहिला आहे.

एक खोट काढायची तर अशी की, पुस्तकात गावे, माणसे इतकी आहेत की मधूनमधून गोंधळायला होते. कोण कोणाची नणंद आणि कोणाचे कोण भाऊजी याचा मी एका कागदावर हिशेब लिहून ठेवला होता. शेवटचा कराचीचा भागही मला आधीच्या भागांइतका धरून ठेवीत नाही. पण सत्तरीकडे झुकलेल्या, दुखण्याने वाकलेल्या बाईने लिहिलेली ती पाने आहेत.

१९३३ साली नागपूरला भरलेल्या कवयित्रींच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकला वारल्या. जलालपूरपासून फार लांब नव्हे. मधे मात्र राजनांदगावपासून कराचीपर्यंतचा प्रदेश हिंडून झाला होता. त्यांच्या कवितांचा संग्रह पुढे १९५१ साली ‘भरली घागर’ या नावाने निघाला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९ साली ‘स्मृतिचित्रे’ची संपादित आवृत्ती काढली. विजया मेहता यांनी या पुस्तकावर दूरदर्शनसाठी चित्रपटही केला. लक्ष्मीबाईंचे काम सुहास जोशी यांनी केले होते. २०१७ साली शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर आले. मीठ धुण्याची गोष्ट आता इंग्रजीतही वाचतात.

आपल्या मंडळाच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत आहे. कव्हर सुटले होते ते मी खळीने चिकटवले आहे. सध्या पुस्तक बाहेर गेलेले आहे आणि पुढे तीन नावे लागलेली आहेत. चौथे नाव कोणाला लावायचे असेल तर वही माझ्याकडे आहे.